फुटाला सूत

९ नोव्हेंबर

मुलगा अमृत आज बायको-लेकीला घेऊन भोसरीहून आला, जेवला आणि हात धुता धुता हुकूम सोडून मोकळा झाला. यंदाचा हिवाळा मी येडगावात एकटीने काढायचा नाही म्हणे. गेल्या जानेवारीत पहाटे पाय बधिर होऊन मी मोरीपाशी पडले आणि दूधवाला येईपर्यंत तशीच पडून राहिले, हे त्याने मला अशा थाटात ऐकवलं की जणू मी तिथे नव्हतेच. धरणाच्या पाण्यावरून येणारा गारठा मला नवा नाही. बावीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, त्यातली निम्मी उभ्याने. आता पायांनी तक्रार केली तर ती खरीच असणार. पण म्हणून पायांच्या मालकिणीला उचलून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेऊन ठेवायचं? हे घर माझ्या पगारातून उभं राहिलं. नवरा होता तेव्हासुद्धा दारावरच्या पाटीवर नाव माझंच होतं, आणि त्याची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

मी म्हटलं, "पाय गार पडत्यात ना? मग मी जमीनच गरम करते."

तो हसला. मी नाही हसले. दोन वर्षांपूर्वी आम्ही रिटायर झालेल्या बाया काश्मीरला गेलो होतो. तिथे एका घरात हमाम होता, खालून तापवलेली दगडी जमीन. तिच्यावर बसलो ते जेवायला हाका मारल्या तरी एकीनेही बूड हलवलं नाही. तिथे लाकडं जाळतात. माझ्या गच्चीवर तर सूर्य फुकट पडतो, पाणी तापवायचा सोलर आधीच बसवलेला आहे. तेच गरम पाणी नळीतून जमिनीखाली फिरवायचं, एवढीच तर गोष्ट.

शेवटी ठरलं. संक्रांतीपर्यंत जमीन गरम झाली तर मी इथेच. नाही झाली तर निमूटपणे भोसरी. सून वृषाली यात एक शब्द बोलली नाही, माझ्या नातीला, श्रेयाला भरवत बसली होती. न बोलणारी माणसं जास्त धोक्याची असतात, हे मी विनातिकीट प्रवाशांवरून शिकले आहे.

१४ नोव्हेंबर

जुन्नरहून निजाम मिस्त्री येऊन खोली बघून गेले. गावातल्या निम्म्या घरांच्या फरश्या त्यांच्या हातच्या. हमाम म्हटल्यावर त्यांचा चेहराच खुलला. म्हणाले, "आमच्या जुन्नरात बी व्हते म्हणत्यात, बाई, लई मागं. करू आपुन."

रचना अशी ठरली. तळाला चोपलेला मुरूम, त्यावर तीन इंच काँक्रीट, त्यावर ओल येऊ नये म्हणून प्लास्टिक, मग ऊब खाली पळू नये म्हणून दोन इंचाचा कडक थर्माकोल, त्यावर जाळी, जाळीला बांधलेली नळी आणि सगळ्यांच्या डोक्यावर अडीच इंचाचा सिमेंटचा कोबा. वर फरशी नकोच, कोबाच लाल रंग घालून घोटायचा.

संध्याकाळी वृषालीचा फोन. ती अवसरीच्या कॉलेजातून सिव्हिल इंजिनिअर झालेली, श्रेया झाल्यापासून घरीच आहे. थर्माकोल कुठला, नळीच्या डोक्यावर कोबा किती राहणार, भिंतीच्या कडेने फोमची पट्टी लावणार ना, कारण कोबा तापला की पसरतो आणि भिंतीला भिडून फुगतो. एकामागून एक प्रश्न. गाडीत तिकीट तपासनीस चढल्यासारखं झालं मला. कुठे चूक सापडते आणि सासूला कधी एकदा गाडीत घालते, असं झालं असेल तिला. पट्टीचं मात्र मी मिस्त्रींना सांगितलं. माहिती शत्रूकडची असली तरी फुकट का घालवायची?

२३ नोव्हेंबर

जुनी शहाबादी फरशी निघाली. मी स्वयंपाकघरात मुक्काम हलवला आहे.

शेजारून कुंडलिक भावजी येऊन गेले, माझे धाकटे दीर. कामाच्या जागी उभं राहून मान हलवणं हा त्यांचा आवडता व्यवसाय. "वयनी, येवढे थर घातल्याव जमीन वर यील. उंबरा खाली जाईल. उंबरा गाडला की घरातली लक्ष्मी पायाखाली आली म्हणून समजा."

जन्मात पहिल्यांदा आमचं एकमत झालं. उंबरा काळ्या दगडाचा आहे, रोज हळदकुंकू लागतं त्याला, मी हौसेने बसवून घेतलेला. तो जमिनीत गाडायचा नाही आणि जागचा हलवायचाही नाही. मग मी मिस्त्रींना म्हटलं, वर जायचं नसेल तर खाली जाऊ. भराव चांगला सात-आठ इंच उकरून काढला. अमृतला फोटो पाठवला. त्याने नुसता अंगठा पाठवला. मला तो अंगठा आवडला नाही.

६ डिसेंबर

नळी पडली. खोलीभर अशी फिरवली आहे की वरून बघितलं तर ताटात घातलेली कुरडई वाटावी. पाणी भरून दाब दिला, एक थेंब कुठे गळला नाही.

आणि आज वृषालीशी वाजलं. वाजलं म्हणजे मी वाजले, ती कुठे वाजते. ती म्हणाली, कोबा सगळीकडे सारख्याच जाडीचा हवा. ढाळ द्यायचा तर तो खालच्या काँक्रीटलाच द्यायला हवा होता. म्हणजे आता जमीन सपाट. मी म्हटलं, आणि शनिवारी मी बादली ओतून खोली धुणार, ते पाणी कुठे जाईल? पाटावर पाहुणा बसल्यासारखं मधोमध बसेल? निजाम मिस्त्रीही माझ्याच बाजूचे. आमच्याकडे फरशीचा नियम एकच, फुटाला सूत. मिस्त्री लोकांच्या एका इंचात आठ सूत असतात. दर फुटामागे एक सूत उतार द्यायचा, पाणी आपोआप दाराबाहेर. ते म्हणाले, "ढाळाबिगर जमीन म्या आजपातूर केली न्हाई, बाई. लोक शिव्या देत्याल."

खोली सोळा फूट. म्हणजे मागच्या भिंतीपासून दारापर्यंत दोन इंच उतार. मी वृषालीला कळवलं, ढाळ राहणार. ती म्हणाली, "बरं, आई." ते बरं मला दिवसभर खुपत होतं.

मधेच तिने सांगितलं की मंचरला एका इमारतीच्या कामावर इंजिनिअर हवाय, तिला बोलावणं आलंय. मी म्हटलं, मग तिकडं बघ की, माझ्या कोब्याच्या मागे का लागलीस? तर हसून म्हणाली, तुमचं होऊ दे आधी, मग बघू. माझ्या जमिनीचा आणि तिच्या नोकरीचा काय संबंध, देव जाणे.

१० डिसेंबर

कोबा झाला. लाल, गुळगुळीत, हात फिरवावासा वाटणारा. मागे साडेतीन इंच, दाराशी दीड. मी मुद्दाम एक लिंबू सोडून पाहिलं, ते थेट उंबऱ्याला जाऊन टेकलं. मिस्त्री आणि मी दोघांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली.

वृषालीचं फर्मान: निदान चार आठवडे ओला ठेवायचा, गरम पाणी सोडायचं नाही, आणि सोडलं तरी पहिल्यांदा कोमट, मग हळूहळू वाढवत. बरं, म्हटलं. मलाही येतं बरं म्हणता.

२१ डिसेंबर

आज हातपाय इतके गारठले की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला. त्यात अमृतचा फोन. माझ्यासाठी कपाट रिकामं केलंय, खिडकीपाशी पलंग टाकलाय. श्रेयाची बालवाडी साडेअकरालाच सुटते, तिलाही आजी घरात असली म्हणजे बरं, असंही बोलता बोलता म्हणाला. अजून संक्रांत यायची आहे आणि याने माझा पलंगसुद्धा टाकला!

दुपारी मी नळीत पाणी फिरवायचा पंप चालू केला. चार आठवडे व्हायला वेळ आहे, पण सिमेंट काही पंचांग बघून वाळत नाही. ऊन कडक होतं, सोलरचं पाणी चटका देणारं. कोमटबिमटच्या भानगडीत मी पडले नाही.

२२ डिसेंबर

जमीन तापली! दाराशी पाय ठेवला आणि डोळ्यांत पाणीच आलं. खोटं कशाला लिहू, मी तिथे उभी राहून एकटीच हसले.

मागच्या भिंतीकडे, जिथे माझी खाट लागायची आहे, तिथे मात्र अजून गारच आहे. वेळ लागत असेल. भावजींचं कुत्रं उंबऱ्याआत येऊन चारी पाय वर करून झोपलं. हुसकलं तरी उठेना.

२४ डिसेंबर

चीर गेली. उंबऱ्याच्या कोपऱ्यापासून खोलीच्या मध्यापर्यंत, आणि दाराशी तर तिच्यात नखही जातंय. मिस्त्री आले, उकिडवे बसले आणि त्यांनी चिरेवरून बोट फिरवलं. नळी शाबूत आहे, तेवढंच नशीब. मागची बाजू अजून गारच. एवढा खटाटोप करून मी भावजींच्या कुत्र्याची सोय केली.

त्यावर चटई टाकली. संध्याकाळी वृषालीने फोटो मागितला, तो चटईसकट पाठवला. तिचं उत्तर आलं, "चटई उचलून परत काढा." मी कळवलं, फोनची बॅटरी संपली. बॅटरी संपलेल्या फोनवरून हे कळवलं, हे नंतर लक्षात आलं.

अमृतला कळता कामा नये. भोसरीच्या त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची धुणी दिसतात, दुसरं काही नाही. मी नाही जाणार. दाराशी खाट टाकून कुत्र्याशेजारी झोपेन, पण जाणार नाही.

४ जानेवारी

वृषाली आली. न कळवता, अमृतशिवाय, श्रेयाला कडेवर घेऊन, एसटीने. आत आल्या आल्या चटई उचलली. मी तोंडाची तयारी करून बसले होते. ती रागावली असती तर मी दुप्पट रागावले असते, पण तिने नुसता टेप काढला आणि दोन तास खोली मोजली.

मग मला शेजारी बसवून सांगितलं. दाराशी नळीच्या डोक्यावर जेमतेम एक इंच कोबा उरलाय, म्हणून तिथे चटका बसतो. त्यात तो हिरवा, म्हणजे अजून कच्चा असताना तापवला, म्हणून चिरला. मागे थर जाड, ऊब वर यायला रात्र उलटते, तोवर सोलरचं पाणी थंड झालेलं. आता मागचा थर तासायला गेलं तर छिन्नी नळीवर बसायची भीती. तेव्हा दाराशी चिरलेला पट्टा हाताने काढायचा, बाकी कोबा टोचून खडबडीत करायचा आणि वर नवा थर असा ओतायचा की सगळीकडे मिळून चार इंच होईल. तापायला वेळ लागेल, पण एकदा तापली की रात्रभर ऊब सोडणार नाही. फक्त जमीन दाराशी अडीच इंच वर येईल. म्हणजे उंबराही अडीच इंच उचलायचा.

मी म्हटलं, उंबरा हलणार नाही. घराच्या वाटण्या होतात तेव्हा उंबरा हलतो, असं भावजी सांगतात. लोक काय म्हणतील?

तिने टेप गुंडाळला आणि शांतपणे म्हणाली, "उंबरा हलला नाही, तर तुम्हाला हलावं लागेल, आई."

एवढं उद्धट उत्तर मला या घरात कोणी दिलं नव्हतं. मी चहासुद्धा मुकाट्याने केला. जाताना मंचरच्या नोकरीचं विचारलं, तर म्हणाली, नाही म्हणून कळवलं. बघा! शिकायचं, डिग्री घ्यायची आणि घरी बसायची हौस. मला ती नोकरी दिली असती तर मी अनवाणी गेले असते. श्रेयाला निघायचं नव्हतं, स्टँडपर्यंत रडत गेली.

१३ जानेवारी

आज भोगी. भाकरी थापताना ठरवलं, उंबरा उचलायचा. तिचं ऐकून नव्हे. माझा मीच विचार केला.

मिस्त्रींना फोन केला तर उद्या संक्रांतीला ते दुसरीकडे गुंतलेले. परवा येतो म्हणाले. परवा कर, म्हणजे किंक्रांत. करीच्या दिवशी गावात कोणी चांगलं काम काढत नाही, म्हणूनच तर ते मोकळे आहेत. भावजींनी कानाला हात लावले. मी म्हटलं, दिवसाला वाईट म्हणणारे आपण, दिवस बिचारा उगवतो आणि मावळतो.

१५ जानेवारी, कर



सकाळी उंबरा निघाला. तिघांनी पहारी लावून उचलला. मी तो अंगणात धुतला, हळदकुंकू वाहिलं आणि सांगितलं, जरा दम धर, आज परत बसवते. चिरलेला पट्टाही मिस्त्रींनी नळीला धक्का न लावता काढला. दाराला उंबरा नाही, घराला जमीन नाही, अंगणात मातीचा ढीग आणि भावजी हात मागे बांधून उभे. नेमकी त्या वेळी अमृतची गाडी आली. कारखान्याची गुरुवारची सुट्टी, संक्रांत झालेली, ठरल्याप्रमाणे तो मला न्यायला आला होता.

त्याने सगळं पाहिलं आणि रागावलाही नाही. केविलवाणं तोंड करून म्हणाला, झालं ना आता, चल. आणि माझी पिशवी भरायला आत निघाला. मी दाराच्या मोकळ्या चौकटीत, जिथे उंबरा असतो तिथे, फतकल मारून बसले. म्हटलं, माझ्या अंगावरनं जा.

तेवढ्यात वृषाली गाडीतून उतरून आली. आवाज न चढवता अमृतला म्हणाली, "आईंना कशाला न्यायचं? मी मंचरला नाही म्हणून कळवलंय. श्रेयाला आणायला, सांभाळायला मी आहे घरात. आता कारण उरलं नाही."

अमृतचा चेहरा उतरला. मी त्याच्याकडे बघत राहिले. ते कपाट, तो पलंग, ती साडेअकराची बालवाडी.

"माज्या पायासाठी आलाय, का पोरीसाठी?" मी विचारलं.

"दोन्हीसाठी, आई," तो म्हणाला. खोटं बोलला नाही, एवढं बरं केलं.

मग मी सुनेला विचारलं, तू का नाही म्हणालीस? मी तिकडं आले असते तर तुला नोकरी मिळत होती. ती जमिनीकडे बघत होती, उघड्या पडलेल्या नळ्यांकडे. म्हणाली, "तुम्हाला तुमच्या घरातून उठवून नोकरी नको होती मला."

दोन महिने ही पोरगी फोनवर माझ्या कोब्याची जाडी विचारत होती. माझी जमीन नीट झाली असती तर मी इथेच राहणार होते, आणि तिची नोकरी जाणार होती. तरी विचारत होती. मला एकदम इतका राग आला, अमृतचा, माझा, त्या टेपचासुद्धा, की मी बसल्या जागेवरूनच ओरडले.

"फोन लाव मंचरला. येते म्हनून सांग. भोसरीवरनं मंचर लांब पडतंय, हितनं किती? तिकीट मला तोंडपाठ हाय, आन बायकांना निम्मं. तू आन श्रेया हितं ऱ्हा. ह्यो यील गुरवारचा."

अमृत म्हणाला, आई, असं कसं, लोक काय म्हणतील, आणि माझ्या जेवणाचं काय? मी म्हटलं, बावीस वर्षं मी डबा करून पहाटेची गाडी गाठली, तुला मी दोन हात देऊन जन्माला घातलंय. श्रेया अंगणात उंबऱ्यावर बसून तिळाची वडी खात होती. वृषालीने फोन हातात धरला, अमृतकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही, आणि लावला. जागा अजून भरली नव्हती. तिने येते म्हणून सांगितलं.

मिस्त्री इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "बाई, मग उंबरा कितीक उचलू?"

मी म्हटलं, "मला काय इचारता? इंजिनेर ती हाय. ती सांगंल तेवढा."

१७ फेब्रुवारी

या वेळी चार आठवडे म्हणजे चार आठवडे. मी कोब्यावर पाणी मारत राहिले आणि सोलरच्या नळाला हात लावला नाही. पहिल्या दिवशी कोमट, दुसऱ्या दिवशी जरा जास्त, असं वृषाली साइटवरून आल्यावर स्वतः सोडत होती. आज तिने खोलीत चारी कोपऱ्यांत आणि मध्ये थर्मामीटर ठेवून पाहिलं. सगळीकडे सारखं. खाटेखालीसुद्धा.

थंडी आता सरत आली. आख्खी आळी हसतेय, कंडक्टरबाईंनी उन्हाळ्याच्या तोंडावर जमीन तापवली. हसू देत. पहाटेचा गारवा अजून आहे आणि माझे पाय उबेत आहेत. श्रेया गोधडी सोडून उघड्या जमिनीवर लोळते. अमृतचा काल फोन आला होता, डाळ शिजायला किती शिट्ट्या. मी सांगितलं नाही, म्हटलं बायकोला विचार. तिने सांगितल्या.

दुपारी भावजी आले. उचललेल्या उंबऱ्याला आधी ठेचकाळले, मग आत येऊन खाली बसले आणि अर्धा तास उठले नाहीत. जाताना मात्र राहवलं नाही. म्हणाले, "समदं झ्याक झालं, वयनी. पर ढाळ न्हाई ठिवला. आता पानी भायेर जायाचं कसं?"

मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या, भावजी. आता हितनं कायबी भायेर जायाचं न्हाई."